केडनचं जहाज

लेखमाला : वाढत्या वयाची पुस्तकं (भाग ६)

हॅरी पॉटरच्या पाचव्या भागात हॅरीला झोपेत मिस्टर वीझलींवर साप तुटून पडलेला दिसतो, आणि ते खरं निघतं. पुढे सिरियसचा छळ चाललेला दिसतो, तो मात्र व्होल्डेमॉर्टने रचलेला सापळा असतो. खरं कुठलं आणि खोटं कुठलं, याचा निकाल पुस्तक संपण्याआधी लागतो. किशोरांच्या कितीतरी कादंबऱ्यांची रीत हीच. पोराला भलतंसलतं दिसायला लागलं, की त्याच्यात काहीतरी शक्ती आहे हे वाचक ओळखतो. मागच्या आठवड्यात आपण 'अ मॉन्स्टर कॉल्स' पाहिली. तिथला राक्षस कॉनर या मुलाला घाबरवतो, पण जे त्याला कुणालाच सांगता येत नाही ते शेवटी त्याच्याकडून वदवूनही घेतो.

आजची कादंबरी हा आधार वाचकाच्या हातून काढून घेते. नील शुस्टरमन या अमेरिकी लेखकाची 'चॅलेंजर डीप' २०१५ साली आली आणि त्याच वर्षी तिला किशोर साहित्यासाठीचा नॅशनल बुक अवॉर्ड मिळाला. केडन बॉश हा पंधरा वर्षांचा मुलगा. चित्रं चांगली काढतो, मॅक्स आणि शेल्बी या मित्रांबरोबर एक गेम तयार करतोय. त्याला जे दिसतं आणि ऐकू येतं, ते आजारामुळे. त्यात भविष्य नाही, शक्ती नाही आणि कुणी धाडलेला संदेशही नाही.

सुरुवात अगदी साध्या गोष्टींनी होते. शाळेतला एक मुलगा आपल्याला मारणार आहे, असं केडनला वाटू लागतं. त्या मुलाशी त्याची धड ओळखही नाही. तो हे वडिलांना सांगतो. वडील समजूत घालतात, अभ्यासाचा ताण असेल म्हणतात. कुठल्याही घरात हेच झालं असतं. मग तो धावण्याच्या संघात असल्याचं घरी सांगतो आणि प्रत्यक्षात रस्तोरस्ती चालत सुटतो, पायाला फोड येईपर्यंत. गेमसाठी काढलेली चित्रं मित्रांना कळेनाशी होतात. यातली एकेक गोष्ट सुटी घेतली तर 'वयच तसं आहे' म्हणून सोडून देता येते. शुस्टरमन त्या सगळ्या इतक्या शांतपणे एकामागून एक ठेवत जातात, की धोक्याची जाणीव आपल्याला आईवडिलांच्या थोडीच आधी होते.

याच्या जोडीला दुसरं कथानक चालू असतं. केडन एका जहाजावर आहे. एकाक्ष कप्तान, त्याचा पोपट, नकाशांत बुडालेला दिशादर्शक आणि नाळेवर कोरलेली, जिवंत असल्यासारखी बोलणारी कॅलिओपी. जहाज निघालंय पॅसिफिक महासागरातल्या मरियाना गर्तेकडे. तिथली चॅलेंजर डीप ही पृथ्वीवरची ज्ञात असलेली सर्वांत खोल जागा, जवळपास ११ किलोमीटर. एव्हरेस्ट तिथे ठेवला तर शिखरावरही दोन किलोमीटर पाणी राहील. १८७५ साली एचएमएस चॅलेंजर या ब्रिटिश जहाजाने तिथे दोर सोडून खोली मोजली, म्हणून हे नाव. माणूस प्रत्यक्ष तळाला पोचला तो १९६० मध्ये.

दोन्ही कथानकं पहिल्यापासून आलटून पालटून येतात आणि त्यांचा काही संबंध लागत नाही. घरच्या कथानकात केडनला मनोरुग्णांच्या रुग्णालयात दाखल करतात, तेव्हा हळूहळू उलगडा होतो. जहाज म्हणजेच रुग्णालय. रंगीबेरंगी शर्ट घालणारे डॉक्टर पॉयरो तिकडे पोपट झालेत. खोलीतला सोबती हॅल नकाशांवर रेघा ओढत बसतो, तो दिशादर्शक. खिडकीशी तासन्‌तास उभी राहणारी कॅली ही नाळेवरची मूर्ती. डोलकाठीच्या टोकाला खलाशांना पेयं मिळतात, ती म्हणजे औषधं. म्हणजे जहाजाची जी पानं आपण आधीच वाचून टाकली, ती खरं तर नंतर घडलेली होती. हे लक्षात आलं की मागची पानं पुन्हा उलटावीशी वाटतात.

कप्तान आणि पोपट यांचं भांडण मला या पुस्तकाचा गाभा वाटतं. कप्तान केडनला सांगतो, पोपटाचा काटा काढ. पोपट कानात कुजबुजतो, कप्तानाला संपव. आजार एकीकडे, उपचार दुसरीकडे, हे आपल्याला कळतं. केडनला कळत नाही. कप्तान दरारा दाखवतो, पण केडनला महत्त्वही देतो, त्याला खास मोहिमेवर घेतो. पोपट तेवढा लाघवी नाही. 'औषध घे, बरं वाटेल' हे ऐकून मुलं का चिडतात, गोळ्या जिभेखाली का लपवतात, हे या भांडणातून जितकं समजतं तितकं माहितीपत्रकातून समजणार नाही. शुस्टरमन औषधांची भलामणही करत नाहीत. औषधांनी येणारा जडपणा, विचार चिखलात रुतल्यासारखे होणं, हातून चित्र न उतरणं, हे सगळं पुस्तकात आहे.

हे इतकं आतून लिहिता आलं, कारण लेखकाचा मुलगा ब्रेंडन स्वतः यातून गेला. पुस्तकातली चित्रं त्याने आजारपणात काढलेली आहेत. पानांमध्ये मधूनच येणाऱ्या त्या गुंतागुंतीच्या रेघांखाली मथळे नाहीत. असूही नयेत.

इथे सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' (२००४) हा चित्रपट आठवणं साहजिक आहे. अतुल कुलकर्णींनी उभा केलेला शेष स्किझोफ्रेनियाने घेरलेला आहे, आणि त्याची बहीण त्याला सांभाळताना थकते, झगडते. 'देवराई'ने मराठी घरांना या आजाराचं नाव दिलं, सांभाळणाऱ्यांचे हाल दाखवले. 'चॅलेंजर डीप' दुसऱ्या बाजूने येते. आजारी मुलाच्या डोक्यात शिरून ती बाहेरच्यांकडे पाहते. तिथून आईबाबाही परके दिसतात, मुखवटे घातलेले वाटतात.

स्किझोफ्रेनिया बहुधा किशोरवयाच्या अखेरीला किंवा विशीत सुरू होतो. त्यात दिसण्यापेक्षा ऐकू येण्याचे भास जास्त. उपचार जितके लांबतात तितकं सावरणं अवघड होतं. आपल्याकडे हा वेळ बऱ्याचदा 'बाहेरचं काही झालंय का' हे बघण्यात जातो. केडनच्या घरचे तसलं काही करत नाहीत, तरी त्यांचेही कित्येक आठवडे निसटतात, ते लाजेपोटी आणि आशेपोटी. घरात कुणाबद्दल अशी शंका असेल तर टेलि-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

पुस्तकात केडनच्या आजारावर एकच ठाम शिक्का मारलेला नाही. आज हे नाव, उद्या ते, असं डॉक्टरांचंही चालतं, आणि प्रत्यक्षात या वयात निदान असंच बदलत जातं. शेवट सांगत नाही. तो गोड नाही आणि काळाही नाही, एवढं पुरे.

चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना ही कादंबरी जरूर द्या, मात्र आधी स्वतः वाचा, कारण रुग्णालयातल्या एका मुलाने जीव द्यायचा केलेला प्रयत्न त्यात येतो. त्या प्रकरणाबद्दल मुलांशी आधीच बोलून ठेवा. प्रकरणं दोन-तीन पानांची आहेत. पहिली पन्नासेक पानं गोंधळाची वाटतील. तिथे पुस्तक मिटू नका. तो गोंधळ लेखकाने जाणूनबुजून ठेवलाय.