उतरत्या छपराचा हिशेब

इंग्लंडमधील ग्लॉस्टरशायर परगण्यातल्या बायबरी गावात ‘आर्लिंग्टन रो’ नावाची दगडी घरांची ओळ आहे. ब्रिटिश पासपोर्टवर तिचे चित्र छापले गेले, इतकी ती देखणी मानली जाते. पण हे देखणेपण कुणी ठरवून आणलेले नाही. हाताशी असलेला दगड, तिथला पाऊस आणि लोकरीचा धंदा यांनी ते घडवले. १३८०च्या सुमारास मठाचे लोकरीचे कोठार म्हणून ही लांबट इमारत उभी राहिली. सतराव्या शतकात आडभिंती घालून तिथे विणकरांची बिऱ्हाडे थाटली गेली. विणलेले कापड जवळच्या गिरणीत कुटून घट्ट करत आणि समोरच्या पाणथळ कुरणात चौकटींवर वाळत घालत. दारे-खिडक्या एका मापाच्या नाहीत, त्या गरजेप्रमाणे पाडल्या गेल्या म्हणून.

छपराकडे नीट पाहिले की हे अधिक पटते. याच भागातल्या कॉट्सवोल्ड टेकड्यांतला चुनखडक खाणीतून काढून ओला असतानाच थंडीत उघड्यावर ठेवत. आतले पाणी गोठून फुगे, थर सुटे होत आणि छपरासाठी पातळ फरशा मिळत. त्या ओबडधोबड, म्हणून पाणी साचू नये यासाठी उतार तीव्र ठेवावा लागे. लाकडी खुंट्यांनी रिपांवर टांगलेल्या या फरशा वळचणीला मोठ्या आणि आढ्याकडे लहान होत जातात. मोठ्या-छोट्या सगळ्या फरशा कामी येतात, वरचा भारही हलका राहतो. उंच छपराखाली माळ्यावर राहण्याजोगी जागा झाली आणि उजेडासाठी छपरातच खिडक्या काढल्या गेल्या.

यावर कुणी म्हणेल, हे गरिबीचे उदात्तीकरण आहे. विणकरांची घरे अंधारी आणि कोंदट होती, हे खरेच; तिथले हाल सुंदर नव्हते. पण अडचणीतून काढलेल्या वाटेचे शहाणपण मान्य केले म्हणून अडचण गोड ठरत नाही. दुसरा आक्षेप असा की, बाह्यरूप जपले म्हणजे पुरे. ते पुरेसे नाही. बायबरीचे गोडवे गाणारे इंग्रज कवी व कलावंत विल्यम मॉरिस यांनी १८७७मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली, तिचा आग्रहच असा होता की वास्तू नव्याने ‘जुनी’ करू नये, वेळच्या वेळी दुरुस्त करावी. आज ही ओळ ‘नॅशनल ट्रस्ट’ या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या ताब्यात आहे. फरशी फोडणारा आणि ती उतरत्या मापाने लावणारा कारागीर टिकला, तरच अशी दुरुस्ती शक्य आहे. म्हणून वास्तूच्या जतनाचा खर्च मांडताना कारागीर घडवण्याचा खर्चही त्यात धरलाच पाहिजे.