दूरच्या संगणकाशीं संभाषण

बीडच्या विद्यार्थ्यास पुण्याचें यंत्र चालवावयाचें असेल, तर त्यानें पुण्यास गेलेंच पाहिजे काय? पुण्याजवळ पाषाण येथील आयसर या संस्थेंत २०१९ सालीं ‘परम ब्रह्म’ नांवाचा महासंगणक बसविण्यांत आला. अशा महासंगणकावर काम करणारे संशोधक त्याच्या पुढ्यांत बसत नाहींत. आपापल्या मेजावरूनच ते त्यास आज्ञा पाठवितात. ज्या साधनानें हें घडतें त्यास एसएसएच असें म्हणतात. काळा पडदा व त्यावरील अक्षरें एवढाच त्याचा पसारा. अक्षरांचें ओझें तें किती! त्यामुळें आष्टी-पाटोद्याकडील डोंगरपट्ट्यांतल्या मंद जोडणीवरहि काम निभूं शकतें.

पूर्वीं याच कामासाठीं टेलनेट नांवाचें साधन वापरीत. त्यांत परवलीचा शब्द उघड्या पोस्टकार्डासारखा जाई. वाटेंत ज्याच्या हातीं लागे तो वाचून घेई. फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर असेच शब्द चोरले गेले, तेव्हां तेथील तातू युलोनेन यांनीं १९९५ सालीं हें नवें साधन रचिलें. यांत अक्षरें निघतांनाच गूढ लिपींत जातात व दुसऱ्या टोकासच उलगडतात.

रीत सोपी आहे. प्रथम साधनाचें नांव, मग जागा सोडून आपल्या खात्याचें नांव, ‘ॲट’ची खूण आणि त्या यंत्राचें नांव लिहून एंटरची कळ दाबावी. परवलीचा शब्द लिहितांना पडद्यावर ठिपकाहि उमटत नाहीं. नवशिके कळफलक बिघडला असें समजून तो बडवूं लागतात!

परंतु त्याआधीं, पहिल्याच भेटींत, एक प्रश्न येतो: या यंत्राचा ठसा अमुक आहे, पुढें जावयाचें काय? पुष्कळ जण न वाचतांच ‘यस’ लिहितात. मीहि लिहीत असें. दारीं आलेल्या अनोळखी वसुलीवाल्याच्या हातीं पैसे ठेवण्यापूर्वीं आपले वडील त्याचें ओळखपत्र पाहतात. येथें तर आपण परवलीचा शब्दच हातीं देत असतों. म्हणून यंत्राच्या व्यवस्थापकाकडून खरा ठसा मागवून तो अक्षरशः ताडून पाहावा. एकदां होकार दिला कीं आपला संगणक तो ठसा जपून ठेवितो, व पुढें बदललेला आढळल्यास मोठ्या अक्षरांत सावध करितो. यंत्र नव्यानें उभारल्यामुळें तसें होऊं शकतें. मध्यें तोतया बसला असेल तरीहि होतें. नुसत्या पडद्यावरून हा भेद कळत नाहीं. व्यवस्थापकास दूरध्वनीनें विचारावें, आणि तोंवर परवलीचा शब्द लिहूं नये.

परवलीच्या शब्दाऐवजीं जोडकिल्ल्याहि वापरतां येतात. एक दूरच्या यंत्रावर ठेवावयाची. दुसरी गुप्त, ती जिवलग मित्रासहि देऊं नये. आणि परवानगीवांचून परक्या यंत्रांत शिरणें २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यान्वयें अंगाशीं येतें, हें पालकांनींहि मुलांस सांगावें.

राहिला विजेचा प्रश्न. महासंगणकावर कामें रांगेंत लावून ठेवितात. एकदां काम रांगेंत लागलें कीं बीडमध्यें दिवे गेले तरी पुण्यांतील गणित चालूच राहतें. वीज आल्यावर पुन्हां आंत जाऊन उत्तर पाहावें.