गोल्डन बॅरल कॅक्टस
(लॅ. एकिनोकॅक्टस ग्रुसोनी, कुल–कॅक्टेसी). सोनेरी-पिवळ्या काट्यांनी वेढलेली ही गोलाकार निवडुंगाची जाती शोभेसाठी जगभर कुंड्यांतून व शैलोद्यानांतून लावली जाते. तिचे मूलस्थान मध्य मेक्सिकोतील केरेतारो, ईदाल्गो इ. राज्यांच्या निमओसाड प्रदेशातील खडकाळ दऱ्यांचे उतार हे होय. जातिवाचक लॅटिन नाव मॅग्डेबर्ग (जर्मनी) येथील कारखानदार व निवडुंगांचे संग्राहक हेर्मान ग्रूझोन यांच्यावरून पडले आहे. २०१४ मध्ये या जातीकरिता क्रोएनलाइनिया ही स्वतंत्र प्रजाती सुचविण्यात आली. तथापि बागाईतदारांत जुने नावच रूढ आहे.

महाराष्ट्रात निवडुंग म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सर्वच वनस्पती कॅक्टेसी कुलातील नाहीत. त्रिधारी निवडुंग हा एरंड कुलातील (यूफोर्बिएसी) असून त्याच्या खोडात पांढरा चीक असतो. प्रस्तुत जातीत असा चीक नसतो व तिचे काटे लहान लवदार उंचवट्यांतून (क्षेत्रिकांतून) झुबक्यांनी येतात. क्षेत्रिका हे कॅक्टेसी कुलाचे खास लक्षण आहे.

खोड मांसल, हिरवे, प्रथम गोल व पुढे किंचित लांबट असून त्यावर वीस ते पस्तीसपर्यंत उभे, धारदार कंगोरे असतात. पूर्ण वाढ झालेल्या झाडाचा व्यास सु. १ मी. पर्यंत जातो. शेंड्यावर पिवळसर लोकरीसारखी लव असते व तीतून उन्हाळ्यात लहान पिवळी फुले वर्तुळाकार ओळीत येतात. फुले फक्त मोठ्या, पुष्कळ वर्षांच्या झाडांना येतात. कुंडीतील झाडांना ती क्वचितच आढळतात.

मंद वाढीचे कारण : या वनस्पतीला पाने नसल्याने अन्ननिर्मितीचे काम खोडाची हिरवी साल करते. दिवसा त्वग्रंध्रे उघडी राहिल्यास पाण्याची मोठी हानी होईल, म्हणून ती बव्हंशी रात्री उघडतात. रात्री शोषलेला कार्बन डाय-ऑक्साइड वायू मॅलिक अम्लाच्या रूपाने कोशिकांत साठविला जातो व दिवसा प्रकाशाच्या साहाय्याने त्यापासून शर्करा बनते. साठवणीची ही मर्यादा व खोडाचे आकारमानाच्या मानाने कमी असलेले पृष्ठफळ यांमुळे पाण्याची बचत होते, पण वाढ मंद राहते. बी रुजल्यापासून सु. २५ सेंमी. व्यास होण्यास चांगल्या निगेतही साधारणपणे दहा वर्षे लागतात. अधिक पाणी किंवा खत देऊन ही गती फारशी वाढविता येत नाही. उलट मुळे कुजून झाड दगावते. घरातील निगेचे सर्व नियम या एका गोष्टीवर आधारलेले आहेत.

लागवड व निगा : कुंडी मातीची, तळाला भोक असलेली व झाडाच्या व्यासापेक्षा थोडीच मोठी असावी. फार मोठ्या कुंडीतील माती दीर्घकाळ ओली राहते. भरड वाळू किंवा बारीक खडी आणि विटांचा चुरा मिळून निम्म्याहून अधिक भाग व उरलेला भाग पोयटा आणि पूर्ण कुजलेले पालाखत, असे मिश्रण योग्य ठरते. नुसती काळी माती चालत नाही.

झाडाला रोज काही तास तरी थेट ऊन मिळावे. अपुऱ्या प्रकाशात शेंडा फिकट व निमुळता होतो आणि बिघडलेला आकार पुन्हा सुधारत नाही. मात्र सावलीत वाढलेले रोप एकदम कडक उन्हात ठेवल्यास सालीवर कायमचे करपट डाग पडतात. म्हणून ऊन क्रमाक्रमाने वाढवावे.

पाणी द्यावयाचे तेव्हा भरपूर द्यावे व कुंडीतील माती तळापर्यंत सुकल्यावरच पुन्हा द्यावे. उन्हाळ्यात साधारणपणे आठ ते पंधरा दिवसांनी व हिवाळ्यात महिन्यातून एकदा पाणी पुरते. महाराष्ट्रात या झाडाला खरा धोका उन्हाळ्यापेक्षा पावसाळ्याचा असतो. कोकणातील सततच्या पावसात व दमट हवेत कुंड्या पारदर्शक छपराखाली, हवेशीर जागी ठेवणे आवश्यक असते. पठारावरही पावसाची झड लागल्यास तशीच व्यवस्था करावी. बांधावर पावसात वाढणाऱ्या फड्या निवडुंगावरून या झाडाविषयी अनुमान करणे चुकीचे ठरते.

वाढीच्या काळात एक-दोनदा, नायट्रोजन कमी असलेले सौम्य द्रवखत पुरेसे होते. दोन-तीन वर्षांनी कुंडी बदलताना झाड जाड कागदात किंवा गोणपाटात गुंडाळून धरावे आणि दुखावलेली मुळे सुकावीत म्हणून त्यानंतर सु. एक आठवडा पाणी देऊ नये. पिठ्या ढेकूण, खवले कीटक व लाल कोळी यांचा उपद्रव होतो. पिठ्या ढेकूण थोडे असल्यास स्पिरिटमध्ये बुडविलेल्या कुंचल्याने काढता येतात. खोडाचा तळ मऊ व तपकिरी होणे हे कुजण्याचे लक्षण असून ते दिसेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो.

अभिवृद्धी मुख्यतः बियांपासून होते. ताजे बी ओलसर वाळूमिश्रित मातीच्या पृष्ठभागावर पसरून त्यावर काच ठेवतात. उबदार हवेत ते एक ते तीन आठवड्यांत रुजते. जोमदार निवडुंगाच्या खुंटावर कलम केल्यास रोप लवकर वाढते, पण त्याचा नैसर्गिक घाट पुष्कळदा बिघडतो.

संरक्षण : कुंड्यांतून लक्षावधींनी आढळणारी ही जाती मूळ स्थानी मात्र संकटग्रस्त आहे. मोक्तेसूमा नदीच्या दरीतील तिच्या अधिवासाचा मोठा भाग १९९० नंतरच्या दशकात सिमापान धरणाच्या जलाशयाखाली गेला. शोभेसाठी झाडे उपटून नेल्यानेही तिची संख्या घटली. उपटलेल्या मोठ्या झाडाची जागा भरून येण्यास अनेक दशके लागतात. वन्य जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील करारानुसार (अंमल १९७५ पासून, भारत १९७६ पासून सदस्य) जवळजवळ सर्व कॅक्टेसी कुलाच्या व्यापारावर नियंत्रण आहे. ॲरिओकार्पस प्रजातीसारख्या याहूनही मंद वाढणाऱ्या निवडुंगांच्या वन्य नमुन्यांच्या व्यावसायिक व्यापारास बंदी आहे. म्हणून घरी लावण्यासाठी बियांपासून तयार केलेले लहान रोपच घेणे इष्ट होय. असे रोप नीट जपल्यास एका पिढीने लावलेले झाड पुढील पिढीला पूर्ण वाढलेले पाहावयास मिळते.