कॅसेटमधली जागा

नव्वदीच्या दशकात चंद्रपूर-गडचिरोलीकडची पोरं जपानी व्हिडिओ गेम खेळत होती, आणि ते जपानी आहेत याची कुणाला फिकीर नव्हती. टीव्हीला जोडायचा नकली खोका, तासावर भाडं, कॅसेट अडली की तिला फुंकर. मूळ यंत्र निन्टेंडोचं, १९८३ साली जपानात आलेलं फॅमिकॉम. आपल्यापर्यंत पोचल्या त्या त्याच्या नकला. काही कॅसेटींच्या पडद्यावर जपानी अक्षरं उमटायची. पण मारिओने उडी कधी मारायची हे कुणी वाचून ठरवत नाही, त्यामुळे कुणाचं काही अडलं नाही.

अडतं ते कथेच्या गेममध्ये. चाळीस-पन्नास तास चालणारी गोष्ट. गावागावांत थांबून लोकांशी बोलायचं, त्यांनी सांगितलेल्या खुणेवरून पुढची वाट शोधायची. वाचता आलं नाही तर तिथं नुसतं बटण दाबत बसावं लागतं. असे कित्येक गेम जपानी कंपन्यांनी जपानबाहेर काढलेच नाहीत. भाषांतराचा खर्च निघणार नाही, असा त्यांचा हिशोब. तो हिशोब ज्यांना पटला नाही अशा वेड्या चाहत्यांनी भाषांतर स्वतःच करायला घेतलं, आणि त्यातून एक बिनपगारी कारागिरी उभी राहिली.

तिची सुरुवात अमेरिकेत झाली असेल असं वाटतं, पण आधीच्या नावांत एक हॉलंडचं आहे. तिथल्या 'ओअॅसिस' नावाच्या गटाने कोनामी कंपनीचा 'एसडी स्नॅचर' १९९३ साली इंग्रजीत आणला. गाजलं ते मात्र 'फायनल फँटसी ५'. मूळ गेम १९९२चा. 'आरपीजीई' या टोळीने त्याचं इंग्रजी रूप ऑक्टोबर १९९७मध्ये पुरं केलं. कंपनीचं अधिकृत इंग्रजी १९९९ साली आलं, आणि त्यात 'वायव्हर्न' या पंखवाल्या राक्षसाचं नाव चक्क 'वाय बर्न' असं छापलेलं. फुकट काम करणाऱ्यांनी पगारी लोकांना मागे टाकल्याचा हा दाखला या मंडळींच्या गप्पांत अजून निघतो.

आता हे काम चालतं कसं, ते जवळून पाहू. गेमची कॅसेट म्हणजे बंद चिप. तिच्यातला सगळा ऐवज संगणकावर उतरवला की हाती येते आकड्यांची लांबच लांब रांग. त्यात संवाद कुठे, चित्रं कुठे, संगीत कुठे, याची पाटी कुठेही नसते. अक्षरांचे क्रमांकही ज्या-त्या गेमचे आपापले. म्हणून पहिलं काम 'टेबल' करायचं: कुठला आकडा म्हणजे कुठलं अक्षर याचा तक्ता. पडद्यावर दिसणारं एक वाक्य घ्यायचं, त्यातलं एकच अक्षर कुठे-कुठे परत येतं ते बघायचं, आणि आकड्यांच्या रांगेत तशीच नक्षी शोधायची. एकदा ती सापडली की उरलेली अक्षरं भराभर उलगडतात.

खरी कटकट त्यानंतरची. जपानी लिपीत थोड्या अक्षरांत पुष्कळ मावतं. तेच इंग्रजीत लिहायला दुपटीने अक्षरं लागतात. चिपमध्ये मात्र जागा मोजून दिलेली. शिवाय प्रत्येक वाक्य कुठून सुरू होतं त्याचा पत्ता दुसरीकडे लिहिलेला असतो, त्याला पॉइंटर म्हणतात. एक वाक्य लांबलं की त्याच्या मागून येणाऱ्या सगळ्या वाक्यांचे पत्ते चुकतात. एखादा म्हातारा बोलता-बोलता दुकानदाराचा संवाद म्हणू लागतो, नाहीतर गेम जागच्या जागी गोठतो. जुन्या गेममध्ये प्रत्येक अक्षराला ८ बाय ८ ठिपक्यांचा चौकोन ठरलेला. त्यात इंग्रजीचा बारीक 'आय' आणि रुंद 'डब्ल्यू' सारखीच जागा खातात, आणि वाक्य दात पडल्यासारखं दिसतं. यावरचा उपाय म्हणजे अक्षर काढणारा प्रोग्रामच नव्याने लिहायचा.

'आरपीजीई'च्या कामाचं महत्त्व मला इथं वाटतं. आधीचे लोक इंग्रजी कापून-छाटून जपानी चौकटीत कोंबत होते. या टोळीतल्या 'मायरिया' टोपणनावाच्या सदस्याने पवित्रा बदलला: मजकूर छाटू नका, गेमच्या प्रोग्राममध्ये फेरफार करून इंग्रजीला जागा करा. भाषा येणारे बरेच भेटतात. जागा करणारा मिळाला नाही म्हणून कित्येक भाषांतरं वर्षानुवर्षं पडून राहतात.

तयार झालेलं काम वाटायची रीतही हुशारीची. अख्खा गेम वाटला तर ती सरळ चोरी. म्हणून वाटतात फक्त फरक, म्हणजे पॅच. आयपीएस नावाच्या जुन्या प्रकारच्या फाइलची सुरुवातीची पाच बाइट म्हणजे 'पॅच' याच इंग्रजी शब्दाची पाच अक्षरं. पुढे एकेक नोंद: तीन बाइट पत्त्याची, दोन लांबीची, आणि मग नवा मजकूर. पत्त्याला तीनच बाइट असल्यामुळे हा पॅच १६ एमबीच्या पलीकडे पोचूच शकत नाही. 'मदर ३' हा गेम ३२ एमबीचा निघाला तेव्हा 'निअर' या नावाने वावरणाऱ्या प्रोग्रामरची यूपीएस ही नवी रचना कामी आली.

'मदर ३'ची हकिगत या कारागिरीतली सर्वांत देखणी. शिगेसातो इतोईंचा हा गेम एप्रिल २००६मध्ये फक्त जपानात आला. बाहेरच्या चाहत्यांनी वाट पाहिली आणि मग कामाला लागले. नेतृत्व क्लाइड मॅंडेलिन यांचं. हा माणूस पोटापाण्यासाठीही जपानी भाषांतरच करणारा. ऑक्टोबर २००८मध्ये पॅच बाहेर पडला आणि पहिल्याच आठवड्यात लाखावर लोकांनी उतरवून घेतला. पुढे मॅंडेलिन यांनी आपलं भाषांतर निन्टेंडोला फुकट देऊ केलं. अधिकृत इंग्रजी 'मदर ३' अजून आलेला नाही. २०२४ साली कंपनीने तो नव्या यंत्रावर आणला, तोही जपानपुरता.

सगळ्याच कंपन्यांनी असे कान बंद ठेवले नाहीत. 'जिओफ्रंट' या गटाने 'ट्रेल्स फ्रॉम झीरो'चं भाषांतर २०२०मध्ये केलं, आणि २०२२च्या अधिकृत इंग्रजी आवृत्तीत तेच वापरलं गेलं. उलट बाजूही सांगायला हवी. 'टेल्स ऑफ फँटेजिया'च्या २००१च्या चाहता-भाषांतरात मुळात नसलेला अचकटविचकट मजकूर घुसडला होता, आणि कित्येकांना ती थोरवी वाटली. वरचा संपादक नसला की हात सैल सुटतो, तो असा. कायद्याच्या दृष्टीने बोलायचं तर भाषांतराचा हक्क मूळ कर्त्याचा. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यातही तसंच आहे. फक्त त्याच्या ३२व्या कलमात एक फट ठेवली आहे: साहित्यकृती प्रसिद्ध होऊन सात वर्षं झाली आणि एखाद्या भाषेत ती आलीच नाही, तर त्या भाषेतल्या भाषांतरासाठी परवाना मागता येतो.

हे सगळं जपान-अमेरिकेचं झालं. आमच्या गडचिरोली जिल्ह्यात भाषेला यंत्रात जागा नसण्याची नेमकी हीच अडचण गेमशिवाय उभी आहे. चामोर्शी तालुक्यात वैनगंगेकाठी मार्कंडादेवचं देऊळ. महाशिवरात्रीच्या जत्रेत नुसतं कान देऊन उभं राहिलं तर मराठी, गोंडी, तेलुगू, छत्तीसगढी आणि चामोर्शी-मुलचेऱ्यात वसवलेल्या बंगाली कुटुंबांची बंगाली, एवढं एका रांगेत ऐकू येईल. यातल्या गोंडीला मोबाइलमध्ये जागा नव्हती. २०११च्या जनगणनेत तिचे बोलणारे तीस लाखांच्या घरात. पण भाषा पाच-सहा राज्यांत विखुरलेली, आणि कुठेही बहुमताची नाही.

इथंही सुरुवात तक्त्यापासून झाली. बालाघाटच्या मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८मध्ये मांडलेली गोंडी लिपी युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकांच्या सामायिक अक्षर-तक्त्यात, आली २०१७ साली. चंद्रपूरला लागून असलेल्या आदिलाबादमधल्या गुंजाला गावच्या हस्तलिखितांतली लिपी त्याच्या पुढच्या वर्षी आली. म्हणजे अक्षराला क्रमांक मिळायला शतक लागलं. पुढचं काम शब्दांचं. वेगवेगळ्या राज्यांचे गोंडी बोलणारे कार्यशाळांत एकत्र बसले आणि सामायिक शब्दकोश केला. सीजीनेट स्वर हा लोकपत्रकारितेचा मंच आणि मायक्रोसॉफ्ट रिसर्च यांच्या पुढाकाराने मुलांच्या गोष्टी गोंडीत आल्या, अॅप झालं, आणि २०२०पर्यंत बारा हजारांच्या आतबाहेर भाषांतरित शब्द-वाक्यं जमली. या कामात साडेसहाशेहून अधिक गोंडी माणसं हाताशी आली. मला आकड्यापेक्षा ती माणसं महत्त्वाची वाटतात. यंत्राला शिकवायचं तर वाक्यं त्यांच्याच तोंडून यायची.

गोंडीसाठीची अशीच धडपड शाळेतही झाली. आमच्याच जिल्ह्यात धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९मध्ये गोंडीतून शिकवणारी शाळा स्वतःच सुरू केली. तीन वर्षांनी तिला अनधिकृत म्हणून नोटीस आली. परवानगीची वाट न पाहता काम करून टाकायचं आणि मग हक्काचा कागद दाखवा म्हणून कुणी दारात यायचं, हे गेमवाल्यांना नवं नाही. फरक इतकाच की तिथं पणाला मौज असते, इथं पोरांचं शिक्षण.

सप्टेंबर २०२५मध्ये केंद्राच्या आदिवासी मंत्रालयाने 'आदि वाणी' हे भाषांतराचं अॅप आणलं. पहिल्या फेरीत संथाली, भिली, मुंडारी आणि गोंडी. काम चांगलं आहे, आणि आयआयटी दिल्लीसारख्या संस्था त्यामागे आहेत. पण त्यातली गोंडी छत्तीसगढची. आमच्या भामरागड-एटापल्लीकडे बोलतात ती माडिया बोली तिच्याहून बरीच वेगळी; तिच्या वाक्यांचा साठा वेगळा लागेल. तो दिल्लीहून यायची वाट बघण्यापेक्षा भामरागडच्या शिक्षकांनी आणि आश्रमशाळेतल्या वरच्या वर्गातल्या मुलांनी मोबाइलवर गोळा करायला घेतला, तर दोन उन्हाळी सुट्ट्यांत बरंचसं काम होईल असं मला वाटतं. लिहायला देवनागरी पुरते, आणि ती प्रत्येक फोनमध्ये आहे.