पेशी कशानं मेल्या?

रात्रीचा दीड. कोथरूडच्या आमच्या टू-बीएचकेच्या किचनमध्ये माझी रूमी फ्रीजच्या दारावर मार्करनं काहीतरी खरडतेय. बाण, गोल, पुन्हा बाण. पाणी प्यायला उठलेली मी दारातच थबकते.

'उद्या इंटरव्ह्यू आहे,' ती वळूनही न बघता म्हणते. 'बोर्डवर लिहायला लावतात. सवय करतेय.'

तर ही आमची रूमी. लातूरची. बाबा एसटीत कंडक्टर. एमएस्सी बायोटेक फर्स्ट क्लास आणि वर 'जेआरएफ'. माझा आणि बायोलॉजीचा ब्रेकअप बारावीतच झालेला, त्यामुळे पीएचडी करायला सरकार पैसे देतं हे मला तिच्याकडूनच कळलं. आणि पैसे म्हणजे खाऊचे नव्हेत बरं का! ज्युनिअर रिसर्च फेलोशिपचे १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७ हजार, शिवाय शहराप्रमाणे घरभाडं. दोन वर्षांनी काम तपासून सीनियर केलं की ४२ हजार. सगळी मिळून पाच वर्षं. २०१९ पूर्वी हा आकडा २५ हजार होता आणि तो वाढावा म्हणून पोरं लॅब सोडून रस्त्यावर उतरली होती. एकेका चेकसाठी तीन-तीन रिमाइंडर टाकणाऱ्या माझ्यासारख्या फ्रीलान्सरला हे ऐकून गलबलूनच आलं. (सीनियर सांगतात, इथंही कधी कधी चार महिन्यांचे पैसे एकदम येतात. म्हणजे आम्ही भावंडंच!)

हे पैसे मिळवायची मेन वाट म्हणजे सीएसआयआर-यूजीसी नेट. सीएसआयआर म्हणजे तीच, जिनं १९९७ मध्ये हळदीचं अमेरिकन पेटंट रद्द करायला लावलं. हळद पुढेही येणार आहे, लक्षात ठेवा. लाइफ सायन्सेसचा पेपर तीन तासांचा, २०० मार्कांचा. खरी गंमत पार्ट सीमध्ये. ७५ प्रश्न समोर, सोडवायचे फक्त २५, प्रत्येकी चार मार्क, आणि चुकलं की एक मार्क गुल. म्हणजे काय येतं यापेक्षा काय सोडायचं हे कळायला हवं. रूमीनं पहिल्यांदा फॉर्म भरला तो जून २०२४ चा. परीक्षा २५ जूनपासून आणि २१ तारखेला नोटीस, पुढे ढकलली! सुट्टी काढून, लेनिंजरचा ठोकळा छातीशी धरून बसलेली ही पोरगी त्या रात्री नुसती छताकडे बघत होती. परीक्षा जुलैअखेर झाली आणि तिची थोडक्यात हुकली. पुढच्या खेपेला मात्र निघाली.

मला वाटलं, सुटलो! पेढे आणले. तेव्हा ती म्हणाली, 'अगं, अजून कुठे काय? पैसे मिळालेत, लॅब नाही.'

इथंच बहुतेकांची गल्लत होते. फेलोशिप तुमच्या नावावर असते, पण पीएचडीला प्रवेश प्रत्येक संस्था आपापला इंटरव्ह्यू घेऊन देते. रँक फार तर दारापर्यंत नेतो.

पहिल्या इंटरव्ह्यूची गोष्ट ती आठवडाभर सांगत नव्हती. एमएस्सीचं डेझर्टेशन होतं, हळदीतल्या करक्यूमिनचा कॅन्सरच्या पेशींवरचा परिणाम. पॅनलमधल्या एका मॅडमनी शांतपणे विचारलं, 'या पेशी हळदीनंच मेल्या, हे कशावरून?'

आता हे मला तिनं समजावलं तसं सांगते. करक्यूमिन पाण्यात धड विरघळत नाही, म्हणून ते आधी डीएमएसओ नावाच्या द्रवात विरघळवतात. पण डीएमएसओ जास्त झालं तर ते स्वतःच पेशी मारतं. म्हणून शेजारच्या डिशमध्ये नुसतं तेवढंच डीएमएसओ घालून बघायचं. हा झाला 'कंट्रोल'. रूमीनं तो घातला नव्हता का? घातला होता की! सीनियरनं दिलेल्या प्रोटोकॉलमध्ये होता, म्हणून घातला. का, ते तिला कोणी विचारलं नव्हतं आणि तिनंही विचारलं नव्हतं. 'आम्ही तसंच करतो,' ती म्हणाली. 'आम्ही म्हणजे कोण?' मॅडमनी विचारलं. मग शांतता.

त्याच काळात तिनं साठ प्रोफेसरांना मेल टाकले होते. सगळ्यांना सेम टू सेम, 'रिस्पेक्टेड सर/मॅडम'. उत्तरं दोन, दोन्ही ऑटो-रिप्लाय. हे मात्र माझं डिपार्टमेंट! मासिकाचं नाव न बदलता पाठवलेल्या 'पिच'चं काय होतं, ते मी स्वतः भोगलंय. मग आम्ही दोघी बसलो. आठच लॅब निवडल्या, प्रत्येकाचे दोन-दोन पेपर तिनं वाचले आणि मेलमध्ये एकच खरा प्रश्न विचारला, जो तिला वाचताना पडला होता तोच. तीन उत्तरं आली. एकांनी तर लिहिलं, यंदा जागा नाही, पण प्रश्न चांगला आहे. तो मेल तिनं मला चारदा वाचून दाखवला.

तुम्हीही या लाइनमध्ये असाल तर नेटच्या एकट्याच्या भरवशावर राहू नका. डीबीटीची बीईटी आहे, गेट आहे. टीआयएफआर आणि बंगळुरूच्या एनसीबीएससाठी जेजीबील्स आहे. आणि हो, संस्थांच्या जाहिरातीतला 'प्रोजेक्ट जेआरएफ' म्हणजे प्रोजेक्टपुरती नोकरी. अनुभवाला झकास, पण ती मिळाली म्हणजे पीएचडी सुरू झाली असं नव्हे.

इकडे लातूरचे फोन वाढले होते. एका औषध कंपनीची क्वालिटी कंट्रोलची ऑफर आली होती, २४ हजारांची. शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं. धाकट्या भावाची इंजिनीअरिंगची फी तोंडावर. बाबा ओरडले नाहीत, हाच प्रॉब्लेम. 'तुला पटेल ते कर बाळा,' एवढंच म्हणाले. ती फोन ठेवून बाल्कनीत जाऊन बसली. दुसरा इंटरव्ह्यूही गेला होता. तिसरा, म्हणजे फ्रीजवाला, गुरुवारी होता.

गुरुवारी संध्याकाळी ती आली ती चपलाही न काढता बोलत सुटली. पॅनलनं एक आलेख दाखवला होता, ज्यात कंट्रोलमधल्याही पेशी मरत होत्या. का? 'मी म्हटलं, माहीत नाही. मग म्हटलं, पण मी आधी हे बघेन, मग ते. सर म्हणाले, ते चालणार नाही. मी म्हटलं, का नाही? अर्धा तास भांडलो गं आम्ही!' निवड झाली का, हे विचारायचं माझ्या लक्षातच राहिलं नाही. तिच्याही नसावं.

शुक्रवारी सकाळी तिनं कंपनीला नकार कळवला. रिझल्ट लागायच्या आधी! मी तिला वेड्यात काढलं. बारा दिवसांनी मेल आला.

बाबांना फोन स्पीकरवर लावला.

'फी किती भरायची?' त्यांनी विचारलं.

'थोडी आहे. पण बाबा, मला महिन्याला ३७ हजार मिळणार.'

'कशाचे?'

'पेशी कशानं मेल्या ते शोधायचे.'

पलीकडे एसटी स्टँडचा गलका. 'आणि सापडलं नाही तर?'

'तरी मिळतील. पाच वर्षं.'

बाबा काही वेळ गप्पच होते. मग म्हणाले, 'हे तुझ्या आईला तूच सांग. माझ्यावर विश्वास ठेवायची नाही ती.'