मिठापासून खिडकी!

पावसाळा आला की लाकडी खिडकी रुसून बसते. दमट हवेनं लाकूड फुगतं आणि कितीही ढकला, झडप काही लागत नाही! लोखंडी असेल तर गंज ठरलेला. म्हणून आता बऱ्याच घरांत पांढऱ्या ‘यूपीव्हीसी’च्या खिडक्या दिसतात.

हे तर पाण्याच्या पाइपचंच प्लॅस्टिक! त्यात वजनानं निम्म्याहून जास्त क्लोरीन, आणि ते मिळतं चक्क मिठापासून. १८७२ साली ऑयगेन बाउमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं व्हिनाइल क्लोराइड उन्हात ठेवलं, तर पांढरा घट्ट पदार्थ तयार झाला. तोच पीव्हीसी!

या खिडकीची चौकट आतून पोकळ असते. कप्प्यांत अडकलेली हवा उष्णतेला सहजासहजी पुढे जाऊ देत नाही. कडेच्या रबरी पट्ट्यांमुळे धूळ नि गोंगाटही कमी. शिवाय ना रंगाचा खर्च, ना वाळवीची भीती!

पण सांभाळा हं! खिडकी घट्ट बसते, म्हणून रोज थोडा वेळ उघडून मोकळी हवा येऊ द्या. तिचे तुकडे शेकोटीत मुळीच टाकू नका. जळताना विषारी वायू निघतो. आणि घरची जुनी सागवानी खिडकी धड असेल, तर आधी सुतारकाकांना दाखवा. रंधा मारून तीही नीट लागेल की!