पाळणाघर : माता, बालक आणि गाव

बेळगाव तालुक्यातील बेळगुंदी हे शहराच्या पश्चिमेस वसलेले शेतीप्रधान गाव होय. पावसाळ्यात भाताची रोपलावण सुरू झाली की या परिसरातील स्त्रिया सकाळीच शेतावर जातात. गुडघाभर चिखलात दिवसभर वाकून करावयाच्या या कामात कडेवरचे मूल घेऊन उतरता येत नाही. रताळ्यांच्या काढणीच्या वेळीही हीच अडचण उभी राहते. घरी आजी धडधाकट असेल तर प्रश्न सुटतो. ती नसेल तर मूल बांधावर झाडाच्या सावलीत ठेवले जाते, नाही तर घरातील आठ-दहा वर्षांच्या मुलीवर सोपविले जाते.

शाळेच्या हजेरीपटावर या मुलीची नोंद केवळ ‘गैरहजर’ एवढीच होते. पाळणाघर परवडत नाही, असे अनेकदा म्हटले जाते. परंतु पाळणाघर नसल्याने जे गमावले जाते, त्याचा हिशोब कोणी मांडत नाही. मातेची मजुरी बुडते, मुलीची शाळा सुटते आणि लहान मुलाची हेळसांड होते. सांभाळ कधीच फुकट नसतो. त्याची किंमत कोणी द्यावयाची, एवढाच प्रश्न असतो.

कोसबाडचा अनुभव

हा प्रश्न नवा नाही. १९४५ साली ताराबाई मोडक यांनी तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ या कार्यात त्यांच्या सहकारी होत्या. पुढे १९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी वस्तीत गेले. तेथे मोठी मुले शाळेत येत नाहीत, कारण त्यांना धाकटी भावंडे सांभाळावी लागतात, ही गोष्ट स्पष्ट झाली. तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा यांची एकत्र सांगड घालणारी ‘विकासवाडी’ आकारास आली. थोरली बहीण धाकट्याला घेऊन यावयाची. धाकटा पाळणाघरात राहावयाचा आणि ती वर्गात बसावयाची. मुलीच्या शिक्षणाची वाट पाळणाघरातून जाते, हा कोसबाडचा धडा आजही तितकाच खरा आहे.

उपलब्ध सोयी

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली आणि पुढे अंगणवाडी गावोगावी पोहोचली. तथापि अंगणवाडी व पाळणाघर यांत भेद आहे. तीन ते सहा वर्षांची मुले अंगणवाडीत काही तास बसतात. तीन वर्षांखालील मुलांना घरी नेण्याचा पूरक आहार मिळतो, परंतु त्यांचा दिवसभराचा सांभाळ साध्या अंगणवाडीत होत नाही. मातेला नेमकी हीच उणीव भासते.

ती भरून काढण्यासाठी केंद्र शासनाने एप्रिल २०२२ पासून ‘मिशन शक्ती’ अंतर्गत ‘पाळणा’ योजना अंमलात आणली. तीत सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलांसाठी स्वतंत्र पाळणाघरे, तसेच अंगणवाडीला जोडून चालणारी पाळणाघरे अभिप्रेत आहेत. कर्नाटक शासनाने २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात ४,००० ग्रामपंचायतींत ‘कूसिन मने’ म्हणजे ‘बाळाचे घर’ उघडण्याची घोषणा केली. रोजगार हमीच्या कामावर जाणाऱ्या मातांची लहान मुले डोळ्यांपुढे ठेवून ही योजना आखण्यात आली.

कामाच्या जागेवरील सोयीचाही विचार पूर्वीपासून झालेला आहे. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्यात अशी तरतूद होती की, कामावर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असतील, तर त्यांच्या देखभालीसाठी एका स्त्रीस नेमावे व तिला मजुरी द्यावी. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने या कायद्याची जागा घेणारा नवा कायदा संमत केला. म्हणून आपल्या गावातील कामावर आता कोणती सोय लागू आहे, हे ग्रामपंचायतीत विचारून घ्यावे.

कारखान्यातील व घरातील कामगार

याच जिल्ह्यातील निपाणी भागात प्रश्नाचे स्वरूप निराळे आहे. तेथे तंबाखूच्या वखारींत आणि विड्या वळण्याच्या कामात स्त्रियांचा मोठा भरणा राहिला आहे. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्यात पाळणाघराची तरतूद होती, परंतु ती कारखान्याच्या आवारापुरती. घरी बसून विड्या वळणाऱ्या स्त्रीच्या पदरी तिचा लाभ पडत नसे. तिचे मूल तिच्याजवळच असते, पण ते तंबाखूच्या धुळीत असते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आहे. तिच्यानुसार ५० कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करावयाची असून, विश्रांतीची वेळ धरून मातेला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाऊ द्यावयाचे आहे. शहरात नोकरीस जाणाऱ्या स्त्रियांनी मालकाकडे ही चौकशी अवश्य करावी. शेतमजूर आणि घरखेप कामगार स्त्रीला मात्र गावातील पाळणाघराचाच आधार आहे.

परवाना आणि पाहणी

खाजगी पाळणाघरांसाठी देशभर लागू असलेला एकच परवाना कायदा नाही. त्यामुळे भिंतीवरील प्रमाणपत्र पाहताना ते कोणत्या कार्यालयाने आणि कशासाठी दिले, हे वाचावे. व्यवसायाचा परवाना म्हणजे बालसंगोपनाची हमी नव्हे. मूल ठेवण्यापूर्वी पालकांनी स्वतः जाऊन पुढील गोष्टी पाहाव्यात :

(१) तीन वर्षांखालील दहा मुलांमागे निदान एक सांभाळणारी व्यक्ती आहे काय? ती आजारी पडल्यास दुसरी कोण?

(२) खोली हवेशीर आहे काय? विहीर, पाण्याची टाकी, चूल, विजेच्या उघड्या तारा मुलांच्या आवाक्याबाहेर आहेत काय?

(३) पिण्याचे पाणी झाकलेले, शौचाची जागा स्वच्छ आणि हात धुण्यास साबण आहे काय?

(४) मुलांची हजेरी, वजन व लसीकरण यांची नोंद ठेवली जाते काय?

(५) मूल कोणाच्या स्वाधीन करावयाचे, हे लिहून घेतले जाते काय?

(६) पालकाला कोणत्याही वेळी आत येऊन पाहू देतात काय? जेथे याला नकार मिळतो, तेथे मूल ठेवू नये.

सीमाभागात आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. घरी मराठी ऐकणाऱ्या मुलाला ‘पाणी’ वा ‘दुखते’ हे शब्द समजून घेणारी व्यक्ती पाळणाघरात असावी. तिच्याकडून कन्नड शब्दही मुलाच्या कानी पडले, तर त्याचा लाभच होईल.

खर्चाचा हिशोब

जानेवारी २०१७ पासून राबविलेल्या राष्ट्रीय पाळणाघर योजनेत दारिद्र्यरेषेखालील कुटुंबासाठी दरमहा २० रुपये, आई-वडिलांचे मासिक उत्पन्न १२,००० रुपयांपर्यंत असल्यास १०० रुपये व त्याहून अधिक असल्यास २०० रुपये शुल्क ठेवले होते. खाजगी पाळणाघरात शुल्काखेरीज आहार, जादा वेळ, अनामत व सुट्टीचे दिवस यांविषयी आधीच विचारावे आणि दर महिन्याची पावती घ्यावी.

योजना पोहोचली नसेल तर स्त्रीशक्ती संघांना हंगामापुरते पाळणाघर चालविता येईल. उदाहरणार्थ, दहा मातांनी रोज प्रत्येकी ४० रुपये दिल्यास ४०० रुपये जमतात व एका स्त्रीची मजुरी निघते. २०२५-२६ साठी कर्नाटकात रोजगार हमीचा दर दिवसाला ३७० रुपये होता. त्या मानाने हा मजुरीचा सुमारे नववा हिस्सा झाला. सुरक्षिततेसाठी दोन स्त्रिया ठेवल्या, तर भार दुप्पट होऊन पाचव्या हिश्शाहून अधिक होतो. आहार व खेळणी याखेरीज. चांगले पाळणाघर केवळ मजूर मातांच्या पैशावर चालू शकत नाही, हे या साध्या गणितावरून दिसून येते. सार्वजनिक साहाय्य हे येथे उपकार नसून आवश्यकता आहे.

चौकशी कोठे करावी

प्रथम अंगणवाडी कार्यकर्तीस भेटावे. त्यानंतर पर्यवेक्षिका आणि बालविकास योजना अधिकारी यांच्याकडे जावे. ‘कूसिन मने’संबंधी पंचायत विकास अधिकाऱ्यांकडे विचारणा करावी. आपल्या गावात सोय नसल्यास गरजू मातांची व मुलांची वयासह यादी तयार करून ती ग्रामसभेपुढे ठेवावी आणि ठराव नोंदवून घ्यावा. कोठेही मुलाची हेळसांड वा छळ होत असल्याचे आढळल्यास १०९८ या क्रमांकावर कळवावे.

या कामी शिक्षकांचे साहाय्य मोलाचे ठरेल. धाकट्या भावंडापायी कोणती मुलगी कोणत्या महिन्यात शाळेत येत नाही, हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणास ठाऊक नसते. ती नावे ग्रामपंचायतीपर्यंत पोहोचली, तर पाळणाघराची मागणी केवळ मातांची राहणार नाही. अधिकाऱ्यांनीही पाळणाघराची वेळ ठरविताना कार्यालयाच्या घड्याळापेक्षा रोपलावणीचे घड्याळ पाहावे. माता शेतावर जाण्यापूर्वी दार उघडले आणि ती परत येईपर्यंत उघडे राहिले, तरच त्या पाळणाघराचा गावाला खरा उपयोग होईल.